वेटोळे गेले, गुणोत्तर उरले

माहूरसारख्या डोंगराळ गावी रात्री मीडियम वेव्ह लावली, की कितीतरी गावांचे आवाज एकदम अंगणात उतरत. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर, हैदराबाद ७३८ वर, परभणी १३०५ वर. या आकड्यांना नऊने भागून पाहा. बाकी उरत नाही. १९७८ पासून आपल्याकडे मीडियम वेव्ह केंद्रांना नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा मिळाली. शेजाऱ्यांमधली भिंत अशी पातळ. एरियलवर तर सगळेच येऊन आदळतात. मग हवा तो आवाज ठेवून बाकीचे अडवतो कोण? फिल्टर, म्हणजे लहरींची चाळणी.

१९१५ साली अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल वाग्नर यांनी स्वतंत्रपणे तारेची वेटोळी आणि कंडेन्सर यांची साखळी करून अशी चाळणी बांधली. ट्रान्झिस्टरचे झाकण उघडले की पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोप्यांच्या पत्र्याच्या डब्या दिसत ना, त्यांतही तेच असे.

१९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी पहिले इंटिग्रेटेड सर्किट केले. हळूहळू सारे भाग एका चिपवर आले. वेटोळे मात्र येईना. आवाजाच्या लहरींसाठी ते मोठे लागते, आणि चिप नखाएवढी. वेटोळ्याशिवाय, रेझिस्टन्स आणि कंडेन्सरवर चालणारा फिल्टर सॅलन आणि की यांनी १९५५ मध्येच दाखवला होता. पण सिलिकॉनवर हे दोन्ही भाग नेमक्या मापाचे उतरत नाहीत. शेकडा वीस-तीसचा फरक सहज पडतो. चाळणीची भोके इतकी चुकली, तर पीठ आणि कोंडा एकच!

१९७७ च्या सुमारास बर्कलीत पॉल ग्रे, रॉबर्ट ब्रॉडर्सन व सहकाऱ्यांनी, आणि कॅनडातील दूरध्वनी संशोधकांनीही, यावर वाट काढली. रेझिस्टन्सच काढून टाकला. त्याच्या जागी एक छोटा कंडेन्सर आणि दोन स्विच. स्विच ठरल्या तालात उघडमीट करतात. कंडेन्सर दर खेपेला थोडा विद्युतभार उचलून पलीकडे ओततो, रहाटाच्या पोहऱ्यासारखा. पोहरा लहान, तर पाणी कमी. म्हणजेच रेझिस्टन्स जास्त. मूळ कल्पना मॅक्सवेलच्या १८७३ च्या ग्रंथातली. आता फिल्टर कुठली लहर अडवणार, हे तालावर आणि दोन कंडेन्सरांच्या गुणोत्तरावर ठरते. ताल क्वार्ट्झचा स्फटिक अचूक देतो. आणि एकाच चिपवर शेजारी घडलेले दोन कंडेन्सर चुकले, तरी सारखेच चुकतात. गुणोत्तर ढळत नाही.

कवितेला हे नवे नाही. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. संथ म्हणा की जलद, गुणोत्तर टिकले की वृत्त टिकते.

याचा लाभ खेड्यापर्यंत आला. डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात. त्याआधी सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचे गाळावे लागते; नाहीतर ते खालच्या आवाजात मिसळून शब्द बिघडवते. ही चाळणी प्रत्येक लाइनला हवी. ती चिपवर आल्याने एक्स्चेंज लहान आणि स्वस्त झाली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ लाइनींची, वातानुकूलन न लागणारी ग्रामीण एक्स्चेंज घडवली, तिच्यामागे हीही वाटचाल होती.

आज सारे डिजिटल झाले असे आपण म्हणतो. पण हवेतली लहर आकडा घेऊन जन्मत नाही. मोबाइलमध्येही तिचा आकडा होण्यापूर्वी तिला अॅनालॉग चाळणीतून जावे लागते. मुंबईला गेलेल्या लेकीचा ‘पोहोचले’ हा एक शब्द माहूरच्या घरात स्वच्छ ऐकू येतो, तेव्हा वाटेत कुणीतरी बाकीचा गलबला थोपवून धरलेला असतो.