चाकावरचं बिऱ्हाड

मोटारीमागे जोडायचं चिमुकलं घर घ्यावं, असा बूट आमच्या हिने परवा काढला. आडरानात न्या, आत झोपा, मागचं दार उघडलं की ओटा तयार! किंमत ऐकून माझ्यातला कारकून दचकला आणि थेट इतिहासात शिरला.

विलायतेत १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरांनी निव्वळ हौसेखातर 'वाँडरर' हे चाकांवरचं घर बांधून घेतलं. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. अमेरिकेत १९३० नंतर थेंबाच्या आकाराची, दोघांपुरती घरं आली. महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते २०२१ मध्ये.

आमचे आजोबा धोरणाची वाट पाहत बसले नव्हते. चैत्र अमावास्येच्या यात्रेला ते वज्रेश्वरीला सहकुटुंब बैलगाडीने जात. वर तट्ट्याची छपरी, खाली कडब्याची गादी, आसाला कंदील. रस्ता नसला तरी बैलांची तक्रार नसे. चिमाजी अप्पांनी वसईसाठी या देवीला नवस बोलला, १७३९ मध्ये वसई घेतली आणि देऊळ बांधवलं, असं सांगतात. आजीचा नवस एवढा मोठा नव्हता. गरम कुंडात अंग शेकावं आणि तानसेच्या काठी दोन रात्री चूल आजोबांनी पेटवावी, बस्स! वर्षातून तेवढ्याच रात्री तिला आयतं ताट मिळे.

एवढं ऐकवून मी "मग ते घर हवं कशाला?" म्हणणार, तोच ही म्हणाली, "घर राहू द्या. चुलीचं तेवढं जमवा."