सूर्यनमस्कार आणि औंधचा राजा

१/ "सूर्यनमस्कार हजारो वर्षांपासून चालत आले आहेत" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यात अर्धे सत्य आहे. सूर्योपासना प्राचीन आहे, सूर्याला साष्टांग नमस्कार घालणेही जुने आहे. परंतु शाळेच्या पटांगणात, आकड्यांवर, आरोग्यासाठी घातले जाणारे नमस्कार ही बऱ्याच अंशी विसाव्या शतकाची घडण आहे. हा थ्रेड त्या घडणीविषयी.

२/ त्याआधी महाराष्ट्रात नमस्कार आणि व्यायाम यांची क्षेत्रे बहुधा निराळी होती. नमस्कार मंत्रांसह घातले जात. तो उपासनेचा आणि व्रताचा भाग होता. शरीर कमावायचे ते तालमीत : जोर, बैठका, जोडी, मल्लखांब, कुस्ती. समर्थ रामदासांच्या बलोपासनेशी परंपरा नमस्कारांचा संबंध जोडते. तरीही घरोघरी करण्याजोगी शिस्तबद्ध व्यायामपद्धती म्हणून त्यांची मांडणी व्हायची होती.

३/ ती करणाऱ्यांत अग्रभागी होते औंध संस्थानाचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). हे औंध सातारा जिल्ह्यातले, पुण्यातले नव्हे. चित्रकार, कीर्तनकार आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो.

४/ गंमत अशी की, त्यांचा व्यायाम सुरू झाला तो युरोपीय पद्धतीने! प्रशियात जन्मलेला युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. १८९७ मध्ये भवानरावांनी त्याची साधने व पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याबरहुकूम नेमाने व्यायाम केला.

५/ पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून, ते सूर्यनमस्कारांकडे वळले. ह्या व्यायामाला साधने लागत नाहीत, सतरंजीएवढी जागा पुरते आणि स्त्री-पुरुष, लहान-थोर सर्वांना तो करता येतो. पैलवानाची तालीम किंवा सँडोची साधने ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्यांच्यासाठी हा मार्ग मोकळा होता.

६/ १९०९ मध्ये ते गादीवर आले आणि वैयक्तिक नेमाचे राज्याच्या धोरणात रूपांतर झाले. संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू झाले. १९२८ मध्ये त्यांचे ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक निघाले. राजवाड्यातही स्त्रियांसह सारे कुटुंब नमस्कार घालत असे. स्त्रियांनी व्यायाम करावा की नाही, हाच जेव्हा वादाचा विषय होता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

७/ १९३६ मध्ये भवानराव इंग्लंडला गेले. तेथे लुईस मॉर्गन ह्या पत्रकार महिलेने त्यांच्या पद्धतीला प्रसिद्धी दिली आणि १९३८ मध्ये तिच्या संपादनाखाली 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकातील 'टेन' लक्षात घ्या : पंतांच्या नमस्कारात दहा स्थिती होत्या. आज सर्वत्र शिकवला जातो तो बहुधा बारा स्थितींचा.

८/ आणखी एक पुरावा. १९३० च्या दशकात म्हैसूरच्या राजाश्रयाखाली योगासनांचे आणि सूर्यनमस्कारांचे वर्ग स्वतंत्रपणे चालत. आज योगवर्गाचा आरंभच नमस्कारांनी होतो. तेव्हा मात्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात होत्या.

९/ म्हणजे सूर्यनमस्कार 'खोटे' किंवा 'परकीय' ठरतात काय? मुळीच नाही. मंत्र जुने, साष्टांग प्रणिपात जुना, जोरांची चाल तालमीच्या ओळखीची. नवी होती ती त्यामागची दृष्टी : नित्य व्यायाम सर्वांचा आहे, आणि तो शाळेत शिकवता येतो.

१०/ मात्र "सारे काही अनादी आहे" असे म्हटले की एक अन्याय घडतो. ज्या माणसाने चार दशके स्वतः नमस्कार घातले, शाळांत रुजवले, ग्रंथरूपाने जगापुढे नेले, त्याचे नाव पुसले जाते. परंपरेचा अभिमान जरूर बाळगावा. पण ती घडवणाऱ्या हातांची नोंद ठेवणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

#सूर्यनमस्कार #औंध #इतिहास