स्टेनड्रुक

शिळा म्हटली की आपल्याला छिन्नी आठवते. पण 'लिथोग्राफ' हा शब्द वेगळेच सांगतो. ग्रीकमध्ये 'लिथॉस' म्हणजे दगड आणि 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल शाईला झिडकारते, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. कोरायचे काहीच नाही! जर्मनीतल्या झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली.

डच माणसाने ग्रीक शब्द घेतला, पण स्वतःचाही घडवला: स्टेनड्रुक. 'स्टेन' म्हणजे दगड. 'ड्रुक' मात्र फार देखणा शब्द, कारण त्यात दाबणे आणि छापणे हे दोन्ही अर्थ आहेत. डच चित्रकार एशरचे १९४८ सालचे, एकमेकांना रेखाटणारे दोन हात हे असेच स्टेनड्रुक. काळ्या छापावर कुणी कुंचल्याने रंग भरले, तर डच त्याला 'हँडगेक्लूर्ड' म्हणतात, म्हणजे हाताने रंगवलेले. मग एकाच शिळेच्या दोन प्रतीही तंतोतंत सारख्या राहत नाहीत.

मराठीनेही दगड आणि छाप जोडूनच शब्द केला: शिळाछाप. तो अडगळीत टाकू नका, वापरा.