मद्रासचा एक संपादक

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आजही रोज सकाळी दारोदारी येणारे ‘हिंदू’ हे पत्र 1878 साली सहा तरुणांनी साप्ताहिक म्हणून सुरू केले. त्यांपैकी जी. सुब्रह्मण्य अय्यर यांनी 1882 मध्ये तमिळ ‘स्वदेशमित्रन्’ही काढले, पुण्यात ‘केसरी’ निघाला तो त्याच्या आदल्याच वर्षी. 1885 साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात पहिला ठराव मांडला तो अय्यर यांनीच. पुढे 1889 मध्ये त्याच मुंबईत त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह लावून दिला व स्वजनांचा रोष पत्करला. 1908 साली टिळकांप्रमाणे त्यांनाही राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. श्रोतेहो, सुधारणेवर अग्रलेख लिहिणारे पुष्कळ. ती स्वतःच्या घरात आणणारा संपादक विरळा. या मुंबईच्या ऋणानुबंधामुळे तरी महाराष्ट्राने त्यांचे स्मरण ठेवावे.