कोठडीतला साक्षीदार : चौथे शिवाजी महाराज आणि चौकशीचा प्रश्न

राजकीय बंदिवासात अत्याचार झाल्याचा आरोप होतो, तेव्हा त्याची चौकशी कशी करायची, हा आजचा विषय. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हा शब्दप्रयोग न्यूरेंबर्गच्या खटल्यांसाठी १९४५ साली केलेल्या सनदेमुळे कायद्यात रुळला. आज त्यासाठी हल्ला व्यापक किंवा पद्धतशीर असावा लागतो. एका माणसाच्या मृत्यूला तो शब्द लावता येणार नाही, आणि मी लावणारही नाही. पण चौकशीत अडचणी कुठे येतात, हे एकाच माणसाच्या बाबतीत जास्त स्वच्छ दिसतं. आणि तो माणूस आपल्या कोल्हापूरच्या गादीवरचा आहे.

१८७० साली राजाराम महाराज फ्लॉरेन्सला वारले. १८७१ मध्ये आठ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला गेला, तेच चौथे शिवाजी महाराज. नाव छत्रपतींचं, सत्ता मात्र पोलिटिकल एजंटची. रावबहादूर माधवराव बर्वे हे कारभारी होते. महाराज मोठे झाले तसं सरकारकडून सांगण्यात येऊ लागलं की त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. लोक उलट म्हणत की डोकं ठिकाणावर आहे, छळानं ते बिघडवलं जातंय. १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले. पुढे महाराजांना अहमदनगरला नेऊन गोऱ्या पहारेकऱ्यांच्या ताब्यात ठेवलं.

‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं १८८१ च्या जानेवारीत सुरू झाली होती. त्यांनी हे प्रकरण उचललं. बर्व्यांच्या नावची म्हणून काही पत्रं पुढे आली होती. महाराजांविरुद्ध कट आहे, असं त्यांवरून दिसत होतं. त्यांच्या आधारानं टिळक-आगरकरांनी लिहिलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झालीच. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते ती टिळक-आगरकरांची म्हणून. पण क्षणभर त्यांना बाजूला ठेवा आणि विचारा, या सगळ्यात महाराजांचं काय झालं? कोर्टापुढे प्रश्न होता बर्व्यांची बदनामी झाली का. त्याचं उत्तर मिळालं, आणि बर्व्यांच्या बाबतीत ते न्यायाचंही होतं. बनावट कागदावरून कुणाला खुनशी ठरवू नये. पण बंदीला कसं वागवलं जातंय, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. तरी निकाल लागल्यावर लोकांच्या मनात दोन्ही प्रश्न एकदमच मिटले.

तर्कशास्त्र शिकवताना आम्ही सांगत असू की पुरावा खोटा ठरला म्हणून विधान खोटं ठरत नाही. ते फक्त सिद्ध व्हायचं राहतं. व्यवहारात हे कुणी पाळत नाही. एक बनावट पत्र निघालं की शंभर खऱ्या तक्रारींवर पाणी पडतं. म्हणून जो अत्याचाराविरुद्ध लिहितो, त्यानं कागद इतरांपेक्षा दुप्पट पारखून घ्यावा लागतो. त्याची चूक त्याच्याबरोबर बंद्यालाही भोवते.

संपादक सुटल्याला १४ महिने होतात, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी महाराज अहमदनगरला वारले. वय पुरतं २१ सुद्धा नव्हतं. ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली, त्यात प्लीहा फुटली, असं सांगण्यात आलं. ग्रीनला शिक्षा झाली नाही.

आता ‘प्लीहा फुटली’ हे शब्द नीट ऐका. त्या काळच्या हिंदुस्थानात हे वारंवार ऐकू येणारं कारण आहे. १८७६ मध्ये आग्र्याला फुलर नावाच्या इंग्रज वकिलानं आपल्या मोतद्दाराला मारलं आणि तो मेला. प्लीहा आधीच वाढलेली होती असं ठरलं, आणि दंड झाला ३० रुपये. मलेरियानं प्लीहा वाढते हे खरंच आहे. पण वैद्यकीय कारण खरं असलं, तरी ‘धक्का कुणी दिला आणि का’ हा प्रश्न उरतोच.

आणि तो विचारायचा कुणाला? बंदी मेलेला. जिवंत असता तरी वेडा ठरवलेला, म्हणजे त्याची साक्ष आधीच बाद. जवळचा साक्षीदार ज्याच्यावर संशय तोच. आणि चौकशी करणारं सरकार तेच, ज्यानं बंदी तिथे ठेवला. महाराजांचा खून झाला असं मी म्हणत नाही. खून झाला नाही असं खात्रीनं म्हणता येईल अशी चौकशी झाली नाही, एवढंच म्हणतो. निर्दोष असेल तर ग्रीनवरही तो अन्यायच.

शंभर वर्षांनी फरक पडला का? पडला. आणीबाणीनंतर मे १९७७ मध्ये शहा आयोग नेमला गेला. ‘मिसा’खाली ३४,९८८ माणसं डांबली होती, हा आकडा आयोगानं नोंदवला. सुनावण्या उघड झाल्या, अधिकाऱ्यांना सह्यांचा जाब विचारला गेला. इंदिरा गांधींनी शपथेवर साक्ष द्यायला नकार दिला. शिक्षा फारशा झाल्या नाहीत, पण सरकारी कागद सरकारविरुद्ध बोलले. पुढे १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे नियम घालून दिले. २००५ च्या दुरुस्तीनं कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करावी, असं ठरलं. म्हणजे पोलिसांच्या कोठडीतल्या मृत्यूचा तपास एकट्या पोलिसांच्या हाती राहिला नाही. अहमदनगरला नेमकं हेच हवं होतं.

उणीव राहिलीच आहे. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, मंजुरी अजून दिलेली नाही. छळाचा वेगळा गुन्हा सांगणारा कायदा नाही.

१७ मार्च १८८४ रोजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईंनी जयसिंगरावांचा मुलगा दत्तक घेतला. तेच आपले शाहू महाराज. त्यांची जयंती आपण थाटात करतो, केलीच पाहिजे. पण गादी कुणामुळे रिकामी झाली होती, हे विद्यार्थ्यांना विचारून बघा. बहुतेकांना नावही सांगता येत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ या.