‘त्याची ती सवयच आहे!’

आमच्या घरी एक पांढरा कुत्रा होता. नाव मोती. सगळी गल्ली त्याला ‘पॉमेरियन’ म्हणे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मराठी घरांतून दिसणारे हे पांढरेशुभ्र ‘पॉमेरियन’ बहुतेक भारतीय स्पिट्झ जातीचे असत, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मोतीला एक खोड होती. दारात कोणी आलं, की तो आनंदाने गोल गोल फिरे आणि मग खोकू लागे. खोकणं अगदी बदकाच्या ओरडण्यासारखं. पाहुणे हसत. आई म्हणे, ‘‘काही नाही हो, त्याची ती सवयच आहे.’’

अकराव्या वर्षी, पावसाळ्यातल्या एका रात्री, मोती आडवा होईना. बसूनच धापा टाकत राहिला. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि विचारलं, ‘‘खोकला कधीपासून आहे?’’ घरात आम्ही पाच माणसं. एकालाही उत्तर देता आलं नाही. हृदयाची झडप झिजली होती, फुप्फुसांत पाणी झालं होतं. त्यानंतर मोती तीन आठवडे होता.

‘सवय’ हा शब्द तेव्हापासून मनात रुतून बसला. पुढे इतिहासाची पुस्तकं चाळताना लक्षात आलं, की ही चूक आमच्या एकट्या घराची नव्हती. लहान कुत्र्यांच्या बाबतीत आजाराला सवय म्हणायला माणूस दीडशे वर्षांपासून शिकत आला आहे.

याचा पहिला पुरावा एका चित्रात आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली स्वतःचं चित्र काढलं आणि त्यात आपला लाडका पग पुढे बसवला. पगचं नाव ट्रम्प. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातला पग पाहिला, की आजचा पगमालक चक्रावून जाईल. कारण त्या कुत्र्याला चांगलं नाक आहे! तोंड पुढे आलेलं आहे, पाय लांब आहेत. मग हे नाक गेलं कुठे?

ते गेलं प्रदर्शनांत. १८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. प्रत्येक जातीचं वर्णन कागदावर उतरू लागलं : डोकं कसं असावं, शेपटी कशी वळावी, डोळे केवढे असावेत. परीक्षक ते वर्णन हाती घेऊन बक्षीस देत. कुत्र्याने श्वास कसा घ्यावा याला गुण नव्हते. चपटं तोंड गोड दिसतं, माणसाच्या तान्ह्या बाळासारखं दिसतं. तेव्हा चपट्याला बक्षीस, बक्षीसवाल्याची पिल्लं, त्यांतल्या आणखी चपट्याला पुन्हा बक्षीस, असं चालत राहिलं. हाडं आखूड झाली, पण नाकाघशातला मऊ भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. तो आतल्या आत दाटीवाटीने राहिला. पग घोरतो तो त्यामुळे. हवा त्या गर्दीतून वाट काढत असते, तिचा तो आवाज.

आकाराचंही तसंच. व्हिक्टोरिया राणीला लहान कुत्र्यांचा मोठा षोक. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला. त्या लुटीत सापडलेला एक पेकिनीज कुत्रा राणीला नजर केला गेला. त्याचं नाव ठेवलं ‘लूटी’. इंग्रजांनी ‘लूट’ हा शब्दही आपल्याकडूनच उचललेला! पुढे १८८८ साली राणीने इटलीतल्या फ्लोरेन्सहून मार्को नावाचा पॉमेरेनियन आणला. तो साडेपाच किलोंच्या आसपास होता. राणीने लहान कुत्रा घेतल्यावर सगळ्यांनाच लहान हवा झाला. आज इंग्लंडमध्ये या जातीचं आदर्श वजन दोन-अडीच किलोंच्या आसपास मानतात. अशा चिमुकल्या जातींत श्वासनळीची कडी वयपरत्वे ढिली पडतात, नळी चपटी होते. पट्टा ओढला, आनंद झाला, की बदकासारखा खोकला येतो. हे वाचलं तेव्हा मला आमचा दरवाजा आठवला आणि हसणारे पाहुणे आठवले.

आपल्याकडे तान्ह्या बाळाची टाळू भरली का, हे आजी रोज हात फिरवून पाहते. चिव्हावा या मेक्सिकोच्या इवल्याशा कुत्र्याची टाळू पुष्कळदा आयुष्यभर भरतच नाही. अमेरिकेतल्या जातिवर्णनात ती असली तरी चालेल, नसली तरी चालेल असं म्हटलं आहे. अनेक जण तर तिला अस्सल जातीची खूण समजत. अलीकडच्या संशोधनात मात्र अशा न भरलेल्या जागांचा मेंदू आणि मज्जारज्जूच्या विकारांशी संबंध दिसला आहे.

पण मला सगळ्यांत चटका लावते ती कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची गोष्ट. कारण तिची सुरुवात चांगल्या हेतूने झाली. १९२६ साली रॉझवेल एल्ड्रिज नावाचे एक अमेरिकन गृहस्थ लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनाला आले. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळातल्या चित्रांत दिसणारे लांब नाकाचे छोटे स्पॅनियल त्यांना हवे होते. प्रदर्शनात होते ते चपट्या तोंडाचे. मग त्यांनी जुन्या धाटणीच्या कुत्र्यासाठी पंचवीस पौंडांचं बक्षीस लावलं. नाक परत आलं. १९२८ साली या जातीचा क्लब निघाला, १९४५ साली तिला स्वतंत्र मान्यता मिळाली. पण हा सारा वंश मोजक्या कुत्र्यांपासून वाढवलेला. त्यांचे दोषही सगळ्यांच्या वाट्याला आले. पहिला, हृदयाची झडप झिजण्याचा. दुसरा, मेंदूच्या मानाने कवटीची मागची जागा अपुरी असण्याचा.

या दुसऱ्या दोषात मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. कुत्रा चालता चालता थांबतो आणि मागच्या पायाने मानेजवळ हवेतच खाजवतो. पाय अंगाला लागतही नाही. वर्षानुवर्षं मालक म्हणत, ‘‘कॅव्हेलियर असंच करतात.’’ प्रत्यक्षात ती मज्जातंतूंच्या दुखण्याची खूण असते.

हा पडदा दूर झाला तो २००८ साली. बीबीसीने वंशावळीच्या कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला आणि इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. केनेल क्लबला जातींची वर्णनं तपासून बदलावी लागली. क्रफ्ट्सचं प्रक्षेपण बीबीसीने थांबवलं. नॉर्वेत तर प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियरची शुद्ध पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्यात बसत नाही, असा निर्णय दिला.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधला २०१२ सालचा एक साधा अभ्यास. आखूड तोंडामुळे श्वासाचा त्रास असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास आहे का? ५८ टक्के मालक म्हणाले, नाही. हेच मालक आपला कुत्रा घोरतो, धापतो हेही सांगत होते. त्यांना ते दिसत होतं, ऐकू येत होतं. फक्त ते त्याला त्रास म्हणत नव्हते. आमच्या घरासारखंच!

आपल्याकडे २००३ साली हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि घरोघरी पग हवासा झाला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापून अंग थंड करतो. ज्याला धापायलाच नीट जागा नाही, त्याला नागपूरच्या किंवा जळगावच्या मे महिन्यात काय होत असेल, याचा विचार जाहिरात पाहताना कोण करतो?

मग प्रत्येक शिंकेला डॉक्टरांकडे धावायचं का? तसंही नाही. लहान कुत्र्यांच्या काही खोडी खरोखरच खोडी असतात. मान ताणून नाकाने फर्रफर्र हवा आत ओढणं, म्हणजे उलटी शिंक, ऐकायला भयंकर वाटते. पण मिनिटभरात थांबते आणि कुत्रा शेपटी हलवत निघून जातो. अधूनमधून होत असेल तर तिचं भय नाही. झोपण्याआधी गोल फिरणं, झोपेत पाय झाडणं हेही तसंच. आनंदाने, भीतीने, थंडीने थरथरणंही स्वाभाविक. इवल्या अंगातली ऊब लवकर जाते. मात्र थरथरणारं पिल्लू खात नसेल, मलूल पडलं असेल, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. तिथे वेळ घालवू नये.

हिरड्या निळसर किंवा पांढऱ्या पडणं, चक्कर येऊन कोसळणं, रात्रीचा खोकला, आडवं होता न येणं, या खुणांना कधीही सवय म्हणू नये. चपट्या तोंडाचा कुत्रा बसल्या बसल्या झोपतो, हनुवटी उंच टेकवून झोपतो किंवा तोंडात खेळणं धरून झोपतो. आपण हौसेने त्याचा फोटो काढतो. तो बिचारा श्वासाची वाट उघडी ठेवत असतो.

आणि एक सोपी मोजणी आहे. कुत्रा गाढ झोपलेला असताना त्याची छाती मिनिटात किती वेळा वर होते ते मोजा. तिसाच्या आत असेल तर ठीक. सतत तिसाच्या वर जात असेल तर डॉक्टरांना सांगा. २०१६ साली ११ देशांतल्या ३६० कुत्र्यांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झडपेच्या आजाराने हृदय मोठं झालं आहे, पण त्रास अजून दिसत नाही, अशा वेळी औषध सुरू केलं तर त्रासाची सुरुवात सरासरी पंधरा महिने पुढे जाते. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे फार झाले. मोतीच्या काळात हे ज्ञान नव्हतं. पण तो खोकला पहिल्यांदा आला तो दिवस तरी आम्हाला सांगता यायला हवा होता.

आता माझ्या मुलीच्या घरी एक पग आहे. तो आला तेव्हा तीही म्हणाली, ‘‘बाबा, पग आहे, घोरणारच!’’ मी तिला होगार्थचं चित्र दाखवलं. सध्या तिच्या फ्रिजवर एक कागद लावलेला असतो. त्यावर तारखा आणि आकडे असतात : बावीस, चोवीस, एकवीस. मधे एका तारखेपुढे लिहिलं आहे, ‘जिना चढून थांबला. पहिल्यांदाच.’ तो कागद घेऊन ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘कधीपासून?’’

या वेळी उत्तर तयार होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)