लोझुंगेन (हेर्नहूटची दैनिक वचने)

मोरेव्हियन बंधुमंडळीतर्फे दरवर्षी प्रसिद्ध होणारे दैनिक बायबलवचनांचे पुस्तक. त्यात प्रत्येक दिवसासाठी जुन्या करारातील एक वचन, त्याच्याशी जुळणारे नव्या करारातील एक वचन आणि एखाद्या गीताचे कडवे किंवा छोटी प्रार्थना असते. जर्मनीत सॅक्सनीतील हेर्नहूट या गावी १७३१ मध्ये ते प्रथम छापले गेले. तेव्हापासून ते दरवर्षी निघत आले असून आज ५० हून अधिक भाषांत वाचले जाते. दैनिक ख्रिस्ती चिंतनाचे इतरही प्रकार रूढ आहेत. स्कॉटलंडमधील पाळक रॉबर्ट मरे मॅक्चेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीला वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा क्रम आखून दिला. ऑस्वल्ड चेंबर्स यांच्या प्रवचनांतून त्यांच्या पत्नीने निवडलेली दैनिक चिंतने १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आली. लोझुंगेनचे वैशिष्ट्य असे, की दिवसाचे मुख्य वचन वाचकाच्या किंवा संपादकाच्या पसंतीने ठरत नाही आणि ते एकट्यासाठी नसून साऱ्या मंडळीसाठी असते. बायबलची शिकवण आचरणात उतरण्यासाठी या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत, हे या पुस्तकाच्या इतिहासावरून दिसते. केवळ त्यांच्यावर भागत नाही, हेही त्याच इतिहासावरून दिसते.

या प्रथेचा उगम एका विस्कटलेल्या वस्तीत झाला. मोरेव्हियातून धर्मछळामुळे परागंदा झालेली कुटुंबे १७२२ पासून काउंट निकोलाउस लुडविग फॉन त्सिन्त्सेंडॉर्फ (१७००–१७६०) यांच्या जहागिरीत येऊन राहू लागली आणि हेर्नहूट वसले. वेगवेगळ्या परंपरांतून आलेल्या या लोकांत लवकरच तीव्र भांडणे पेटली. मे १७२७ मध्ये सर्वांनी एकत्र राहण्याचे नियम मान्य केले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये झालेल्या प्रभुभोजनात त्यांचा समेट पक्का झाला. ३ मे १७२८ रोजी सायंकाळच्या गायनसभेत त्सिन्त्सेंडॉर्फ यांनी दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली आणि सकाळी ती घरोघरी पोचवण्यात आली. पुढे हा रोजचा शिरस्ता झाला. वचन घेऊन येणारा बंधू घरच्यांची विचारपूस करी, त्यांची अडचण जाणून घेई. म्हणजे वचन आणि शेजाऱ्याची काळजी या गोष्टी एकाच फेरीत होत. कालपर्यंत भांडणारी माणसे आज एकाच वाक्याखाली दिवस काढत होती. समेट टिकवण्यासाठी असे काही रोज हाती लागणे गरजेचेच होते.

वचन ठरवण्याची पद्धत पाहिली, की तिच्यामागचा विचार कळतो. जुन्या करारातील सुमारे १,८०० वचनांच्या संग्रहातून हेर्नहूट येथे तीन वर्षे आधी चिठ्ठ्या काढल्या जातात. नव्या करारातील वचन मात्र संपादक त्यानंतर विचारपूर्वक जोडतात. माणसाने स्वतः वचन निवडायचे म्हटले, की तो बहुधा सांत्वनाकडे वळतो. मत्सर, पैसा, परका, वैरी यांविषयीची वचने आपोआप मागे राहतात. याकोबाच्या पत्रात, केवळ ऐकून तसे न वागणाऱ्याची तुलना आरशात चेहरा पाहून लगेच विसरणाऱ्याशी केली आहे. आपल्याला शोभेल तेवढाच आरसा धरणारा तर विसरण्याइतकेही पाहत नाही. निवड आपल्या हाती नसली, की नकोसे वचनही समोर येते. आणि तेच वचन शेजाऱ्यानेही वाचलेले असल्यामुळे ते टाळणे सोपे राहत नाही.

याची साक्ष जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर (१९०६–१९४५) यांच्या जीवनात मिळते. जून १९३९ मध्ये ते अमेरिकेत सुरक्षित होते आणि तिथेच राहण्याची सोय त्यांना देऊ करण्यात आली होती. त्या आठवड्यांतील त्यांच्या रोजनिशीत दिवसाच्या वचनांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ती सोय नाकारली त्या दिवशीच्या वचनांत त्यांना दिलासा मिळाला नाही. देवाच्या निःपक्ष न्यायाचा कठोर सूर ऐकू आला. जुलैत ते जर्मनीला परतले. एप्रिल १९४३ मध्ये अटक झाल्यावरही लोझुंगेनचे वाचन त्यांनी सोडले नाही. हिटलरविरुद्धचा कट फसल्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ जुलै १९४४ ला, तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रातही त्या दोन दिवसांच्या वचनांचा उल्लेख आहे. वचनाने त्यांच्यासाठी निर्णय घेतला, असे म्हणता येणार नाही. आपल्या हेतूंची उलटतपासणी करण्याची सवय मात्र त्यांना त्यातून मिळत राहिली.

या प्रथेवर पहिला आक्षेप असा, की चिठ्ठी म्हणजे दैववाद. मोरेव्हियनांनी एकेकाळी विवाहासारख्या निर्णयांसाठीही चिठ्ठ्या टाकल्या, हे खरे आहे. पण तो वापर एकोणिसाव्या शतकात मागे पडला आणि वचनांची चिठ्ठी टिकली. हा फरक महत्त्वाचा आहे. काय करावे हे ठरवणे आणि काय वाचावे हे ठरवणे या भिन्न बाबी आहेत. तीन वर्षे आधी सर्वांसाठी निघालेल्या वचनात कोणी आपले खाजगी भविष्य शोधत असेल, तर तो पुस्तकाचा दुरुपयोग होय. दुसरा आक्षेप संदर्भ तुटण्याचा. तो अधिक वजनदार आहे आणि तो मांडणाऱ्यांत खुद्द बोनहोफर आहेत. १९३९ च्या ‘गेमाइनझामेस लेबेन’ या पुस्तकात ते दैनिक वचनांचे मोल मान्य करतात, पण सुट्या वचनाने सलग शास्त्रवाचनाची जागा घेऊ नये, असे बजावतात. ते योग्यच आहे. सुटे वचन हे वाचनाचे दार आहे. मॅक्चेन यांच्यासारख्या सलग क्रमाची जोड नसेल, तर तेच वचन हवा तो अर्थ लादायला सोयीचे ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: रोज वचन वाचूनही माणसे अन्यायात सामील राहतात. हेर्नहूटहून लेओनहार्ड डोबर आणि डाव्हिड निच्मान १७३२ मध्ये कॅरिबियनमधील डॅनिश सत्तेखालच्या सेंट थॉमस बेटावर गुलामांना सुवार्ता सांगायला गेले. पुढे काही वर्षांतच तेथील मिशनने स्वतःच मळा आणि गुलाम विकत घेतले, तर १७३९ मध्ये बेटावर आलेल्या त्सिन्त्सेंडॉर्फ यांनी गुलामांना मालकांच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केला. याचे समर्थन होऊ शकत नाही. यातून निघणारा निष्कर्ष असा, की सामायिक वाचन ज्यांच्यात होते त्या वर्तुळाबाहेर कोण राहिले, हे तपासावे लागते. गुलामांना सुवार्ता ऐकण्याचा हक्क होता. वचनाच्या आधारे मालकाला जाब विचारण्याचा नव्हता. दुबळ्याच्या हाती शास्त्र आणि तोंडी प्रश्न नसेल, तर बलवानाचे चिंतन कितीही नित्याचे असले तरी अपुरे पडते.

म्हणून वचन सर्वांना वाचता येणे ही आचरणाची पूर्वअट ठरते. मोरेव्हियन मिशन भारतात केलाँग (१८५६) आणि लेह (१८८५) येथे पोचले, तेव्हा तेथील कामात तिबेटी भाषेतील बायबल भाषांतर महत्त्वाचे होते. महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. विद्वानांच्या मराठीपासून दूर असलेल्या सामान्य स्त्रियांना समजावे म्हणून त्यांनी मूळ भाषा अभ्यासून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या १९२२ मधील निधनानंतर, १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून पूर्ण झाले. हेर्नहूटशी त्याचा संबंध नव्हता. पण हेर्नहूटच्या इतिहासाने उघडी केलेली उणीव नेमकी कुठे भरायची, ते या कामातून कळते. दैनिक चिंतनाचे कोणतेही पुस्तक यावरून पारखता येते: ते वाचकाला नकोसे वचन वाचायला लावते का, संपूर्ण शास्त्राकडे नेते का, आणि त्याच्या आचरणाची झळ ज्यांना बसते त्यांनाही ते वचन वाचून प्रश्न विचारता येतो का. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तरच त्या चिंतनाला आचरणाची शाळा म्हणता येईल.